बांधलेली वाट

शनिवारी संध्याकाळी जाऊबाई परसातली वांगी द्यायच्या निमित्तानं आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की उद्या तू पहाडावर जाणारच आहेस, तर जरा लक्ष ठेव. कुणावर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांचे सासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. त्यांच्याविषयी घरात तीन-चार महिने असंच बोललं जात होतं, नाव न घेता आणि भांड्यांच्या आवाजाआड.

काकाजी जंगल खात्यात नाकेदार होते. अड्याळच्या आजूबाजूचं रान त्यांनी सारी नोकरी पायी तुडवलं, आणि निवृत्त झाल्यावरही दर रविवारी सकाळी पहाडावर जायचं सोडलं नाही. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला शुगरसाठी चालायला सांगितलं तेव्हापासून आम्ही दोघंही त्यांच्या मागे जाऊ लागलो. सुरुवातीला औषध म्हणून जायचो. मग कधीतरी ते औषध राहिलं नाही. गावाबाहेर तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाळीवरून काठाकाठानं पाण्याला वळसा, मग चढ, वर खिंड आणि खिंडीतून उजवीकडे पहाडाच्या पाठीवर एक भला मोठा सपाट खडक. त्या खडकावर बसून डबा खायचा आणि परत यायचं. खडकावरून सगळा तलाव दिसतो, त्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि अगदी लांब, हवा स्वच्छ असली तर, वैनगंगेच्या रेतीचा पट्टा. इतकी वर्षं जाऊनसुद्धा मी दर वेळी वर पोहोचल्यावर थोडा वेळ बोलत नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईसाठी हे फार झालं.

आता काकाजींच्या विसरण्याबद्दल. दिवाळीनंतर एकदा ते सायकलनं आठवडी बाजारात गेले आणि पायी घरी आले. सायकल चोरीला गेली म्हणून शेजाऱ्याच्या पोराला बोल लावला. सायकल बाजारातच उभी होती. एकदा पाण्याची मोटार चालू ठेवून झोपले. नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात, पण ते मी वर्गात रोज करते, त्याचं मला काही वाटलं नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वय आहे, वाढेल किंवा वाढणारही नाही, लक्ष ठेवा. त्यावर त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलत भासऱ्यांनी, जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं की जंगलात एक जरी चूक झाली तरी पहाड बंद. भासरे वाईट माणूस नाही. त्यांच्या एका मित्राचे वडील असेच फिरायला निघाले आणि दोन दिवसांनी एका कोरड्या बोडीत, लहान तळ्यात, सापडले, तेव्हापासून ते धास्तावलेले आहेत. पण त्या दिवशी काकाजींचा हात भातातच थांबला, तो मी पाहिला.

मी शाळेत गणित शिकवते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. शिवाय स्वभाव असा की कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर मी मनातल्या मनात दवाखान्यापर्यंत पोहोचलेली असते. मन चिंती ते वैरी न चिंती, असं माझी आई म्हणायची, तेही माझ्याकडे बघूनच. अशा बाईला जाऊबाईंनी पाळतीवर नेमलं होतं.

मार्चचा शेवटचा रविवार होता. पाळीवर आलो तेव्हा ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. तलाव निम्म्यावर आला होता आणि काठाची माती भेगाळून मागे राहिली होती. त्या भेगांमधून हिरवं गवत उगवलं होतं आणि त्यात बगळे उभे होते. पाण्याच्या मधोमध कमळाची पानं वाऱ्यानं उलटत होती. एरवी मी तिथं रेंगाळते. त्या दिवशी माझे डोळे काकाजींच्या पाठीवर होते. ते कुठं पाय टाकतात, कुठं थांबतात, थांबून इकडंतिकडं का पाहतात. एकदा ते थांबले आणि मागे वळले, तर मी धावतच पुढं निघाले. ते नुसते चपलेतला खडा काढत होते.

त्यांच्या लक्षात आलं असणारच. ज्यानं आयुष्यभर लाकूडचोर ओळखले त्याला एक मास्तरीण ओळखायला किती वेळ लागतो. पाळ संपताना नवरा मागे राहिला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि सकाळी स्टेटसला एक तरी व्हिडिओ टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून तो बगळ्यांपाशी उकिडवा बसला होता. काकाजी माझ्यासाठी थांबले आणि सरळ विचारलं, "माह्यावर पाहारा ठेवून राह्यली का तू?"

मी नाही म्हणाले. ते हसले. मग चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेव. पन एक सांगतो बेटा, मले घरी बसवले ना, तं मी पावसाया बी पाहत नाई."

 असं मरणाचं काय बोलता, मी पुटपुटले. ते पुढं निघून गेले, नेहमीच्या चालीनं, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा घेऊन. मला वाटलं, आजचा दिवस नीट जाऊ दे. आज काही विसरले नाहीत तर मी जाऊबाईंना सांगेन की तुमचे सासरे माझ्यापेक्षा शहाणे आहेत. एका रविवारावर इतकं काही टांगलं जाऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही तिघं एका चालीचे नाही. काकाजी पुढं, मी मधे, नवरा मागे, आणि मधली अंतरं हळूहळू वाढत जातात. म्हणून काकाजी वाट बांधतात. म्हणजे असं की जिथं फाटा फुटतो तिथं जी वाट घ्यायची नाही तिच्यावर ते एक हिरवी डगाल, पानांची डहाळी, आडवी टाकतात. मागून येणाऱ्यानं डगाल पाहायची आणि दुसरी वाट धरायची. बोलावं लागत नाही, थांबावं लागत नाही. आमच्याकडे जंगलात जाणारी सगळीच माणसं असं करतात, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायासुद्धा. शेवटच्या माणसानं डगाल उचलून बाजूला टाकायची, म्हणजे पुढच्या कुणाची फसगत होत नाही. आमच्यात शेवटचा माणूस म्हणजे नवरा.

खिंडीत असाच फाटा आहे. उजवी वाट खडकाकडे जाते, बारीक, गवतातून. डावी पलीकडे नाल्यात उतरते. एरवी डावी दिसतही नाही, पण मोहाच्या दिवसांत पलीकडच्या गावची माणसं पहाटेपासून फुलं वेचायला येतात आणि तीच वाट रुंद, मळलेली होते. नवखा माणूस डोळे झाकून डावीकडेच जाईल, आणि नवराही तितपत नवखाच, कारण तो वाटेकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त पाहतो. नाल्यात मोहाची झाडं दाट आहेत आणि मोहावर अस्वलं येतात. त्याच आठवड्यात पलीकडच्या गावातल्या एका माणसाच्या अंगावर अस्वल आलं होतं. हातातला डबा बडवत ओरडला म्हणून वाचला.

फाट्याच्या अलीकडे, वाटेच्या कडेला देव आहे. देव म्हणजे काही शेंदूर फासलेले दगड आणि त्यांच्यावर पानांचा ढीग. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण तिथं एक पान नाहीतर डहाळी ठेवतो आणि मग पुढं जातो. देवाला नाव नाही. आमच्या घरात देवाधर्माचं फार नाही, माझ्या माहेरी तर बुद्धाशिवाय कुणापुढं हात जोडायची पद्धत नव्हती, पण त्या दगडांवर पान ठेवल्याशिवाय पुढं जायला मला कसंतरीच वाटतं. काकाजींना ठेवताना बघून लागलेली सवय आहे.

मी खिंडीत पोहोचले तेव्हा काकाजी उजव्या वाटेनं बरेच पुढं गेलेले दिसले. बरोबर वाटेनं गेले, हे पाहून मला इतकं हायसं वाटलं की श्वास सोडताना मला तो ऐकू आला. म्हटलं, देवाला पान ठेवावं आणि आज काही चुकू देऊ नको म्हणून सांगावं. पण मार्चमध्ये रान उघडं असतं. हाताला येईल असं हिरवं पान जवळपास नव्हतं, नुसत्या काड्या आणि पायाखाली कुरकुरणारा पाचोळा. समोर चार पावलांवर एक हिरवीगार डहाळी पडलेली होती. वर झाडांवर वानरं होती, ती दिवसभर फांद्या मोडून टाकतच असतात. मी डहाळी उचलली, मागे येऊन देवावर ठेवली, हात जोडले आणि म्हणाले की काकाजींच्या हातून आज काही चुकू देऊ नको.

मग उजवीकडे वळून काकाजींच्या मागे गेले. वाट बांधणं मला माहीत नव्हतं असं नाही. मी दर रविवारी त्या डहाळीवरूनच वाट ओळखते. पण त्या दिवशी काकाजी मला समोर दिसत होते, मला वाट शोधायची नव्हती, मी त्यांनाच शोधत होते.

खडकावर पोहोचून पाणी प्यायलो. खाली तलाव थाळीसारखा लखलखत होता. काकाजींनी मला दूरचा रेतीचा पट्टा दाखवला आणि त्या बाजूला त्यांची पहिली बदली कुठं झाली होती, तिथला रेंजर कसा घोरायचा, हे सांगितलं. एक नाव चुकलं नाही, एक गाव चुकलं नाही. मी मनात प्रत्येक गोष्टीसमोर बरोबरची खूण करत होते. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. नवरा आला नाही. व्हिडिओ काढत असेल, म्हटलं. मग डबा काढायला पिशवी उघडली आणि हात तिथंच थांबला.

नवरा सकाळी पोटात इन्सुलिनची सुई घेतो. सुई घेतली की खावं लागतं, नाहीतर शुगर एकदम खाली जाते, घाम सुटतो, जीभ जड होते आणि एकदा तर तो दुकानातच खुर्चीवरून घसरला होता. त्या दिवशी तो चहाबरोबर दोन बिस्किटं खाऊन निघाला होता, बाकीचं खडकावर खायचं ठरलं होतं. पराठे, बिस्किटं, खडीसाखरेची पुडी, सगळं माझ्या पाठीवरच्या पिशवीत होतं. त्याच्या खांद्याला दुखतं म्हणून पिशवी मी घेतली होती. फोन लावला. पहाडाच्या त्या अंगाला टॉवर धरत नाही.

मी उठले. काकाजीही उठले आणि म्हणाले की घाबरू नको, डावी वाट बांधलेली आहे, तो तिकडं जाऊच शकत नाही, पाळीवरच बसला असेल. आम्ही जवळजवळ धावत खिंडीत आलो. माझ्यापेक्षा ते पुढं होते, त्या वयात.

फाट्यावर डहाळी नव्हती. डाव्या वाटेच्या मातीत नवऱ्याच्या बुटांचे ठसे उमटले होते, जाळीच्या नक्षीचे. काकाजी वाटेकडे पाहत राहिले. मग वाकून पाचोळा हातानं बाजूला केला, जसं काही डहाळी त्याच्याखाली गेली असेल. दोन्ही बाजूंची झुडपं पाहिली. 

"मी तं वाट बांधलो होतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बांधलो होतो ना?"

ते मला विचारत होते. त्या क्षणी मी मागे पाहिलं. देवाच्या दगडांवर, सुकलेल्या तपकिरी पानांच्या ढिगावर, ती हिरवी डहाळी होती. इतकी हिरवी की आंधळ्यालाही दिसली असती. काकाजींची तिकडं पाठ होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खरं सांगते, त्या वेळी मी मुद्दाम गप्प बसले नाही. मला फक्त नवरा दिसत होता, नाल्यात कुठंतरी आडवा पडलेला. पण मी काही बोलत नाही हे पाहून काकाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "विसरलो असन."

आणि तेव्हा मात्र मी मुद्दाम गप्प बसले.

डावी वाट सुरुवातीला बरी आहे, मग खडकाळ होते. मोहाखालचा पाचोळा लोकांनी जाळला होता, त्यामुळं झाडांखाली काळी वर्तुळं पडली होती आणि त्यांवर पिवळट फुलं गळत होती. त्यांचा गोड, आंबूस वास नाल्यात भरून राहिला होता. काकाजी दांड्यानं झाडांची खोडं ठोकत चालले होते, अस्वलाला कळावं म्हणून. मी नवऱ्याला हाका मारत होते. लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची सवय नाही, आणि त्या नाल्यात मी ते इतक्यांदा घेतलं की नंतर घसा बसला. उत्तर येत नव्हतं. एका ठिकाणी झुडपात काहीतरी हललं आणि आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो. रानडुकराची पिल्लं होती. ती निघून गेली, त्यांच्यामागं आईही गेली.  काकाजींनी मला हाताला धरून पुढं नेलं.

मी मनात किती हिशेब केले. सुई किती वाजता घेतली, त्याला आता किती वेळ झाला, दुकानात पडला तेव्हा किती वेळ झाला होता. उत्तर दर वेळी वाईटच यायचं. आणि त्या सगळ्याच्या खाली एक बारीक विचार सारखा टोचत होता, की त्याला काही झालं तर ते मी केलं. हे काकाजींना ठाऊक नाही. त्यांना वाटतंय की त्यांनी केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते, बहुधा सकाळपासून केलेल्या गोष्टी एकामागून एक.

नाल्याच्या तळाशी नवरा सापडला. एका मोठ्या मोहाला टेकून बसला होता, शर्ट घामानं भिजलेला, चेहरा पांढरा, पण डोळे उघडे. त्याच्याशेजारी एक बाई फुलांची टोपली घेऊन उकिडवी बसली होती आणि तिची लुगड्यातली सासू थोडी पलीकडे फुलं वेचत होती. नवऱ्याच्या तोंडात काहीतरी होतं, तो सावकाश चावत होता. बाई आम्हाला पाहून म्हणाली, "यायले घेरी येऊन राह्यली होती. जवळ काईच नव्हतं, म्हनून मोहा देली खायाले. गोड रायते ना."

ताजी मोहफुलं. मूठमूठभर. मी त्याच्या शेजारी बसले, खडीसाखर त्याच्या हातात कोंबली आणि मग रडायला लागले. नवऱ्याला बोलता यायला लागल्यावर त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती ही की फाट्यावर डगाल नव्हती, म्हणून तो मळलेल्या वाटेनं आला. त्यात रागही नव्हता. काकाजी त्याच्या समोर उभे होते. त्यांनी ते ऐकलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि त्या बाईचे आभार मानायला वळले. मला वाटलं आता सांगावं. त्या बाईनं विचारलं, "तुमी याचे कोन?" काकाजी म्हणाले, काका. ती म्हणाली, बरं झालं तुम्ही आले. आणि सांगायची वेळ गेली, असं मी स्वतःला समजावलं.

काकाजींच्या घरी आल्यावर नवऱ्यानंच भासऱ्यांना सारं सांगितलं. रंगवून नाही, जसं घडलं तसं. मी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होते. भासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी बापाच्या चपला उचलून आतल्या खोलीत ठेवल्या आणि म्हणाले, बाबा, आता बस्स. काकाजी होय म्हणाले. एवढंच. भांडले नाहीत, डहाळीचं नाव काढलं नाही. ज्या माणसानं एका साध्या सायकलीवरून गल्ली डोक्यावर घेतली होती, त्यानं पहाड एका शब्दात सोडला. जाऊबाई माझ्याकडे पाहून पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्याबद्दल त्यांना किती चांगलं वाटत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी भ्याले. याला दुसरा शब्द नाही. नवऱ्याला काय वाटेल, सासरी चार लोक काय म्हणतील, की मास्तरीण असून नवऱ्याला मरणाच्या दारात पाठवलं. शाळेत मी मुलांना चूक कबूल केली की मार्क कापत नाही म्हणून सांगते. पहिल्या आठवड्यात वाटलं, भासऱ्यांचा राग उतरेल आणि गोष्ट आपोआप मिटेल. दुसऱ्या आठवड्यात जाऊबाई सांगू लागल्या की आता ते खरंच फार विसरतात. जेवलो का म्हणून विचारतात. अंघोळीला जाताना विचारतात की आज झाली का माझी. फाटक लावलं का हे तीनदा पाहून येतात. डॉक्टर म्हणाले होते ना वाढेल, तसं वाढलं. मला रात्री झोप येईना. ते विसरत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांना स्वतःवर भरवसा उरला नव्हता.

मी आधी नवऱ्याला सांगितलं, दुपारी दुकानात, गिऱ्हाईक नसताना. त्यानं हातातला मोबाइल उघडाच बाजूला ठेवला. मग म्हणाला की जाऊ दे, मी वाचलो ना, आणि काका कधी ना कधी थांबणारच होते. मी म्हणाले की थांबणं आणि थांबवणं एक नाही.  तो माझ्यावर चिडला नाही. त्या संध्याकाळी त्यानं चहा मात्र स्वतः करून घेतला.

भासऱ्यांकडे गेले तर त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की बाबांनी पाठवलं का तुला. मी शपथ घेतली. त्यांनी हात जोडून सांगितलं की तुझं मन मोठं आहे, तू त्यांची बाजू घेणार हे मला ठाऊक होतं, पण जीव महत्त्वाचा. मी म्हणाले, अहो, मी खरं सांगतेय. ते म्हणाले, एवढे दिवस का नाही सांगितलं मग? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. त्यांच्या तोंडावर मला राग दिसला नाही, उलट कौतुकच दिसलं, आणि त्या कौतुकानं मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग मी अंगणात गेले. काकाजी बाजेवर बसून चिंचा फोडत होते. जाऊबाईंनी त्यांना तेच काम लावून दिलं होतं, बसल्या जागी होणारं. टरफलं एका बाजूला, चिंचोके एका बाजूला, गर सुपात. मी खाली बसले आणि सांगायला सुरुवात केली. खिंडीत पोहोचल्यापासून सगळं सांगितलं. डहाळी कुठं होती, मी कशी उचलली, देवावर ठेवताना काय बोलले. फाट्यावर ते वाकून पाचोळा उपसत होते तेव्हा ती मला मागे दिसत होती, हेही सांगितलं. त्यांचे हात चालूच होते.

त्यांनी एकच विचारलं, डगाल कोणत्या झाडाची होती.

मी आठवायचा प्रयत्न केला. मला झाडं ओळखता येत नाहीत, आणि त्या दिवशी मी पाहिलंही नव्हतं. जांभळीची असेल, मी म्हणाले. नाहीतर चारोळीवाल्या चाराची. हिरवी होती एवढं नक्की. पूर्वी असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी मला अर्धा तास झाडं शिकवली असती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, आपण लहान मुलाचं बोलणं ऐकून घेतो तशी.

"काकाजी, तुमी वाट बांधले होते," मी म्हणाले. "तुमी काई विसरले नाई. मी उचलली ते डगाल."

"बरं," ते म्हणाले. "मंग बांधलो असन."

"असन नाई. बांधलेच होते."

"मले जे आठवते ना बेटा, ते मी आता धरत नाई. तुमी सारे सांगान ते धरतो. तू म्हनते तं बांधलो असन." त्यांनी पुढची चिंच उचलली, मग थांबून टरफलांच्या ढिगाकडे आणि सुपाकडे आळीपाळीनं पाहिलं. मला वाटलं की गर कुठं टाकायचा हे ते मला विचारणार. त्यांनी विचारलं नाही, पण टाकताना माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मी तिथंच बसून त्यांच्याबरोबर चिंचा फोडू लागले. त्यांनी मला एकदा तरी रागवावं म्हणून, तुझा नवरा मरता मरता वाचला आणि माझा पहाड गेला असं एकदा तरी म्हणावं म्हणून मी सूप भरेपर्यंत वाट पाहिली. ते रागावले नाहीत. माझी बोटं चिंचेनं चिकट झाली तेव्हा त्यांनीच लोट्यातलं पाणी माझ्या हातावर घातलं.